डावा लाल, उजवा लाल

लाल म्हणजे लाल, त्यात काय एवढं, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. दुकानात जावं, लाल बूट मागावेत, घालून बघावेत आणि खोका काखेत मारून घरी यावं. रंगबाईलाही कधीकाळी असंच वाटायचं. मग ती बुटांच्या कारखान्यात रंगखोलीत लागली आणि या लाल रंगानंच तिच्या नाकी नऊ आणले.

कारखाना खेळाच्या बुटांचा, त्यातही मुख्यतः बेसबॉलच्या. तळाला टोकं असलेले, मातीत रुतणारे, ज्यांना सगळे नुसतं स्पाइक म्हणतात ते. पूर्वी हे काम सोपं होतं, कारण स्पाइक काळे असायचे आणि काळ्याला रंगखोली लागत नाही. मग कुठल्याशा संघाला आपल्या टोपीच्या रंगाचे बूट हवेसे वाटले, त्यांचं बघून दुसऱ्यांना वाटले, आणि बघता बघता शाळेतली पोरंसुद्धा बूट पायात कसा बसतो ते सोडून कसा दिसतो तेच बघायला लागली. झालं. कारखान्यातली एक बिनखिडकीची खोली रिकामी करून तिच्या भिंती राखाडी रंगवल्या, आणि नजर चांगली आहे म्हणून कातड्याच्या गोदामातून उचलून रंगबाईला तिथे नेऊन बसवलं.

भिंती राखाडी, कारण एकाच रंगाकडे फार वेळ बघितलं की डोळा थकतो आणि थापा मारायला लागतो. अधूनमधून राखाडीकडे बघितलं की ताळ्यावर येतो. म्हणून बाईचा एप्रनही राखाडी. टेबलावर दिव्यांची एक पेटी होती. एक बटण दाबलं की दुकानातला उजेड, दुसरं दाबलं की उन्हाचा. बूट विकला जातो दुकानात आणि वापरला जातो उन्हात, तेव्हा दोन्ही उजेडांत बघूनच रंग पास करायचा, असा नियम. एवढी वर्षं हे करून बाईला रंगांचा इतका वीट आला होता की घरी पडदे पांढरे, चादरी पांढऱ्या, कपबशासुद्धा पांढऱ्या. लेक म्हणायची, आई, आपण घरात राहतो की दवाखान्यात?

घरात चौथं माणूस म्हणजे आत्या. नवऱ्याची थोरली बहीण. लेक आत्या म्हणायची म्हणून रंगबाईही आत्याच म्हणायची, आणि तिचं ऐकून सगळा कारखाना आत्या म्हणायला लागला, कारण आत्याही त्याच कारखान्यात होत्या. त्यांचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे विचारायची वेळ निघून गेली होती. राहायच्या भावाच्या घरी, पण मिंधेपणानं नाही. सकाळी भावजयीच्या बरोबरीनं डबा उचलून निघायच्या, संध्याकाळी तिच्या बरोबरीनं दमून यायच्या, आणि चहा कुणी टाकायचा यावर दोघी बरोबरीनं भांडायच्या. या बरोबरीवर आत्यांचा सगळा जीव होता. ती बरोबरी गेली असती तर त्या त्याच घरात पाहुण्या होऊन बसल्या असत्या, आणि हे त्यांना रंगबाईइतकंच पक्कं ठाऊक होतं.

त्यांचं काम जोडाच्या टेबलावर. आता हे जरा समजून घ्यायला हवं. या कारखान्यात डावे बूट एका ओळीत शिवले जात आणि उजवे दुसऱ्या ओळीत, मधे आडवी भिंत. रंगखोलीतून पास झालेला नमुन्याचा जोड आला की त्याला बांधलेली सहीची चिठ्ठी आत्या मधोमध फाडायच्या. अर्धी चिठ्ठी डाव्या बुटाला, अर्धी उजव्याला. डावा बूट डाव्यांच्या ओळीवर टांगला जायचा, उजवा उजव्यांच्या. पुढे ओळीतल्या माणसांनी टांगलेल्या बुटाबरहुकूम काम करायचं, डोकं चालवायचं नाही. तयार माल परत आत्यांच्या टेबलावर यायचा, तिथे डाव्याला उजवा जुळवून खोक्यात जायचा. म्हणजे डावा आणि उजवा एकमेकांना भेटणार ते आत्यांच्या टेबलावरच. टेबल होतं माल चढवायच्या शटरजवळ. उन्हाळ्यात भाजायचं, थंडीत गारठायचं, पण उजेड मात्र खरा यायचा. आत्या म्हणायच्या, मला तुमच्या त्या पेटीची गरज नाही बाई, माझ्याकडे मोठी पेटी आहे, वरती टांगलेली.

त्या हंगामात एका मोठ्या संघाची मागणी आली, आणि ती नेमकी लाल बुटांची. मागणी आणली बाजाररावांनी. हे विक्रीचे साहेब. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘बाजार म्हणतो’नं सुरू व्हायचं, म्हणून कारखान्यानं त्यांचं हे नाव ठेवलं होतं. नव्या सुना पहिल्या वर्षात ‘हे म्हणतात, हे म्हणतात’ करतात ना, तसं त्यांचं बाजाराशी होतं. बाजार म्हणतो, लाल जरा गरम हवा. बाईनं गरम केला. बाजार म्हणतो, आता विटेसारखा वाटतो. बाईनं थंड केला. बाजार म्हणतो, टोमॅटो झाला. बरं, बाजारानं एकदा स्वतः येऊन काय ते सांगावं, तर तो कधी आला नाही.

असे लाल करता करता बाईचा जीव मेटाकुटीला आला. डोळे मिटले तरी लाल दिसायचं. जेवताना ताटात लाल, बसमध्ये पुढच्या माणसाच्या पाठीवर लाल. राखाडी भिंतीकडे बघायचं तिनं सोडून दिलं, कारण तिथेही आता हिरवट डाग नाचायचे. नमुना पास करायच्या शेवटच्या दिवशी टेबलावर दोन जोड होते. एक पास करायचा, दोन्ही पाय नव्या लालचे. दुसरा तुलनेचा. तुलनेच्या जोडात डावा जुन्या लालचा आणि उजवा नव्या लालचा करतात, म्हणजे शेजारी ठेवून फरक बघता येतो. बाईनं दुकानाच्या उजेडाचं बटण दाबलं. चारही बूट सारखे दिसले. उन्हाचं बटण दाबायला हात पुढे नेला, तेवढ्यात बाजाररावांचा निरोप आला की संघाचा माणूस खाली थांबलाय, आणखी किती वेळ. तिनं हात मागे घेतला, चिठ्ठीवर सही केली आणि समोरच्या जोडाला बांधली. तो तुलनेचा जोड होता.

दुपारी रंगखोलीचं दार ढकलून आत्या आल्या. हातात तो जोड, चिठ्ठी अजून अखंड. बाई टेबलावर डोकं टेकून बसली होती.

“अगं, हे जरा बघतेस का? शटरपाशी धरले तर डावा निराळा दिसतोय मला.”

बाईनं मान वर केली नाही. रंग हा शब्द आणखी एकदा कानावर पडला तर आपण रडू, असं तिला वाटत होतं. वर आत्याच आलेल्या. घरी कांदा कसा चिरायचा यावर शिकवणार, इथे रंगावर शिकवणार.

“आत्या, मी सही केलीय ना? तुमच्याकडे ऊन तिरकं येतं, त्यात सगळंच निराळं दिसतं. फाडा चिठ्ठी आणि द्या लावून.”

आत्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, बरं. बाईला त्यांच्या चपलांचा आवाज लांब जाताना ऐकू आला, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. चिठ्ठी फाडली गेली. डावा एका ओळीवर टांगला गेला, उजवा दुसरीवर. तयार माल टेबलावर आला तेव्हा आत्यांनी तो सहीबरहुकूम जुळवून खोक्यात भरला.

पुढे काय झालं ते सांगायला बाजारच आला, पहिल्यांदाच. संघ मैदानात उतरला तो भर दुपारच्या उन्हात, आणि बघणाऱ्यांना दिसलं की प्रत्येक खेळाडूचा एक पाय विटेच्या रंगाचा आणि एक टोमॅटोच्या. फोटो निघाले. थट्टा झाली. कुणी म्हणालं, अंधारात कपडे करून आलेत वाटतं. बाजाररावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कारखान्यात येऊन नुसतं डोकं धरलं, ‘बाजार म्हणतो’ म्हणायचंही भान राहिलं नाही.

ओळींवरचे टांगलेले दोन्ही बूट खाली उतरवून मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवले गेले, अर्ध्या अर्ध्या चिठ्ठीसकट. बाईनं बुटांच्या जिभेखाली छापलेले रंगाचे आकडे बघितले. डावा जुना लाल. तिला सगळं एका क्षणात आठवलं, तो मागे घेतलेला हातही. मोठे साहेब कारखान्यात म्हातारे झालेले, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं की रंगखोलीतून चुकीचा जोड आला की टांगताना बदलला. ज्याच्याकडून चूक झाली त्याला कारखान्यात ठेवता येणार नाही, असं वरून सांगणं आलं होतं, तेही त्यांनी लपवलं नाही.

बाईनं बोलायला श्वास घेतला. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

“साहेब, जोड बरोबर आला होता. दोन्ही जोड माझ्या टेबलावर होते, मीच अदलाबदल केली. डोळे अधू झालेत माझे. सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं.”

हे आत्या बोलल्या. शांतपणे, भाजी महाग झाली म्हणावं तसं. साहेबांनी बाईकडे बघितलं. तेव्हा एक क्षण होता. बाई त्या क्षणात काहीही बोलू शकली असती. ती बोलली नाही. लेकीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष डोक्यात आलं, घर आलं, आणि सगळ्यांत खाली, आज हे संपलं, आता घरी जाऊन पडता येईल, असा निलाजरा सुटकेचा विचार आला. नंतर तिला स्वतःची सगळ्यांत जास्त लाज वाटली ती त्या विचाराची.

आत्यांना सन्मानानं घरी पाठवलं. साहेबांनी तेवढं केलं. फुलं दिली, दोन शब्द बोलले, डोळ्यांना जपा म्हणाले.

घरी नवऱ्यानं ऐकलं तेव्हा तो बायकोवरच चिडला. एका ताटात जेवता, एका बसनं जाता, आणि माझ्या बहिणीचे डोळे एवढे गेले ते तुला कळलं नाही? बाईनं मान खाली घातली. आत्या मधे पडल्या, तिला कशाला बोलतोस, मीच लपवत होते. तो म्हणाला, उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आत्यांनी साफ नकार दिला. नवरा गेल्यावर बाईनं कळवळून विचारलं, की का असं केलंत, आणि वर डॉक्टरलाही का नाही म्हणता. तर आत्या म्हणाल्या, डॉक्टर खरं सांगून बसेल ना. आणि पुढे म्हणाल्या, तुझी अजून किती वर्षं आहेत, लेकीचं व्हायचंय, माझं काय राहिलंय. बस्स, त्यावर पुन्हा बोलायचं नाही. स्वतःच्या डब्याचं झाकण लावून त्यांनी तो वरच्या फळीवर मागे सारून ठेवला.

मग आत्या आंधळेपणाचं सोंग निभवायला लागल्या. शेजारणीकडून सुई ओवून घ्यायच्या. वर्तमानपत्र लांब धरून कपाळाला आठ्या घालायच्या, आणि कुणी नसताना कोपऱ्यातलं बारीक अक्षरसुद्धा वाचून काढायच्या. लेक आली की कौतुकानं म्हणायच्या, कोण गं, तू का? सुरुवातीला या सगळ्याचं दोघींना हसू यायचं. पण दिवसभर घरात बसून करायचं काय? दारातल्या चपला त्या सारख्या जुळवत राहायच्या. डावी, उजवी, टाचा एका रेषेत. कुणी आलं-गेलं की पुन्हा. संध्याकाळी बाई दारात चपला काढायची तेव्हा आत्या उठून चहा टाकायला जायच्या, न भांडता. एकदा नवऱ्याकडे पाहुणे आले तर त्यांनी हळूच विचारलं, मी आत बसू का? आत्यांनी आजवर या घरात असं विचारलं नव्हतं.

आणि मग बाजारानं कोलांटी मारली. पोरांना ते दोन लाल आवडले. का आवडले, ते बाजाराला विचारा. मैदानावरची थट्टा फोटोंतून पसरली आणि पसरता पसरता फॅशन झाली. दुकानदार फोन करून विचारायला लागले, ते ‘तसले’ आहेत का, डावा वेगळा, उजवा वेगळा? परत आलेला माल होता तसा पुन्हा बाहेर गेला. बाजाररावांच्या जिवात जीव आला. त्यांनी वरती सांगितलं की ही चूक नव्हतीच मुळी, ही कल्पना होती. बैठकीत टाळ्या वाजल्या. खोक्यावर तसं छापूनही आलं, की मुद्दाम, विचारपूर्वक, दोन वेगळ्या लालांचा मेळ. रंगबाईचं अभिनंदन झालं. तिनं हार घालून घेतला आणि दुपारी तो तसाच घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली.

तिनं सगळं सांगितलं. उभ्यानंच, एका दमात. चिठ्ठी मी चुकीच्या जोडाला बांधली. आत्यांनी ती फाडायच्या आधी जोड मला दाखवायला आणला होता. मी बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, त्यांना परत घ्या, मला काय करायचं ते करा.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनाही या सगळ्याचा कंटाळा आला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

“बाई, चूक झालीच नव्हती असं आपण सगळीकडे कळवून बसलोय. मग ती कुणी पकडली होती असं कसं म्हणू? आणि जोडाच्या टेबलावरच्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय की डोळे गेलेत. तिथे कुणाच्या सांगण्यावरून बसवू त्यांना? तुमच्या?”

तुमच्या, हा शब्द त्यांनी टोचून म्हटला नव्हता. पण तो बसायचा तिथे बसला. बाहेर पडताना बाईला कळेना की आपण नेमकं काय करून ठेवलंय. चूक माफ झाली होती, चुकीला हार पडला होता. आत्यांचं खोटं मात्र खरं ठरून बसलं होतं, आणि त्याला माफी द्यायला कुणी उरलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं हे आत्यांना सांगितलं. आत्या चिडल्या. कुणी सांगितलं होतं जाऊन बोलायला, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, तरी बोललीस ते बरं केलंस. एवढंच. त्या दिवशी चहा कुणी टाकायचा यावरून दोघी जरा भांडल्या, पण त्यात पूर्वीची मजा नव्हती.

नव्या हंगामाला बाजाररावांची नवी टूम निघाली. बाजार म्हणतो, आता निळे. डावा निळा, उजवा निळा, पण अगदी तेवढाच फरक हवा, लालाला होता तेवढा. जास्त झाला तर विदूषक वाटतो आणि कमी झाला तर काही वाटतच नाही. म्हणजे जी चूक थकव्यामुळे झाली होती, ती आता ताजंतवानं बसून बरोब्बर तेवढीच करायची. रंगबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं निळ्यावर निळे केले. राखाडी भिंतीवर आता केशरी डाग नाचायला लागले. नियम पाळायचा म्हणून तिनं या वेळी दोन्ही बटणं दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. फरक दिसतोय असं वाटायचं, मग वाटायचं की दिसतोय ते आपल्याला हवंय म्हणून. जोडाच्या टेबलावर आता एक नवी मुलगी होती. चटपटीत, नम्र. बाईनं तिला सहज विचारलं, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, तुम्ही सही केली की मी फाडते, मॅडम.

त्या उत्तरानं बाई हादरली. तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. सही झालेली, चिठ्ठी बांधलेली, तरी तिनं तो जोड मुलीच्या हातात दिला नाही. पिशवीत घातला आणि घरी आणला. असं करायला परवानगी नव्हती. नमुना कारखान्याबाहेर न्यायचा नाही, हे तिनंच नव्या माणसांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळची कामं उरकली होती, नवरा बाहेर गेला होता, लेक अभ्यासाला. आत्या गॅलरीत पाय पसरून मटार सोलत होत्या. गॅलरीत ऊन होतं, सरळ, लख्ख. बाईनं पिशवीतून जोड काढला आणि मटारच्या पातेल्याशेजारी ठेवला.

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. सवयीनं कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, काय आणलंस गं, मला दिसत नाही.

“आत्या, इथे कुणी नाही. माझ्यासाठी बघा. मला आता खरंच काही कळेनासं झालंय.”

मटार सोलणारा हात थांबला. आत्यांनी पदराला बोटं पुसली. मग त्यांनी एका हातात डावा आणि एका हातात उजवा घेतला, कठड्यापाशी गेल्या आणि दोन्ही बूट हात लांब करून उन्हात धरले. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. मान जरा तिरकी झाली, पाठ ताठ झाली, आणि जोडाच्या टेबलापाशी उभ्या असायच्या त्या आत्या कितीतरी महिन्यांनी रंगबाईला पुन्हा दिसल्या. त्यांनी बूट फिरवले, अदलाबदल करून धरले, पुन्हा फिरवले. घाई केली नाही.

“अगं, हे दोन्ही एकच आहेत,” आत्या म्हणाल्या.

बाई म्हणाली, असं कसं होईल, आणि बोलता बोलता थांबली. पुढे जाऊन तिनं जिभेखालचे आकडे बघितले. डाव्याचा आणि उजव्याचा आकडा एकच होता. निवडलेला दोन निळ्यांचा जोड टेबलावर राहिला होता, आणि चिठ्ठी बांधली गेली होती तुलनेसाठी केलेल्या एकाच निळ्याच्या जोडाला. पहिल्यांदा जुळायला हवे होते ते न जुळणारे पास केले, आता जुळायला नको होते ते जुळणारे. आणि या जोडात फरक दिसतोय असं तिनं काल स्वतःला पटवलं होतं. ती मटारच्या टरफलांशेजारी खाली बसली. हसू आलं आधी, आणि हसता हसता हुंदका फुटला. लाज, थकवा, ती फुलं, तो हार, दारातल्या सारख्या जुळवलेल्या चपला, सगळंच एकदम वर आलं. ती म्हणाली, आत्या, मी तेव्हा मान वर करून बघायला हवं होतं हो. नुसती मान वर करायची होती.

आत्यांनी लगेच तिची समजूत घातली नाही. बूट खाली ठेवले आणि शेजारी टेकल्या. आणि बाईला कळलं की त्या दिवशी रंगखोलीच्या दारातून परत जाताना आत्यांना काय वाटलं होतं, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि विसरल्याही नव्हत्या. डोळे गेले म्हणून सांगायला त्यांना जड गेलं नव्हतं. जड गेलं होतं ते हे, की चांगले असताना कुणी विचारलं नाही.

मग आत्यांनी चिठ्ठी दोन बोटांत धरली, मधोमध, पूर्वी धरायच्या तशी.

“काय करू? फाडू?”

“नको,” रंगबाई म्हणाली. “तुम्ही म्हणताय ना एकच आहेत. मग एकच आहेत.”

आत्यांनी मान हलवली. बाईनं दोरा सोडवला, चिठ्ठी चुरगाळून एप्रनच्या खिशात घालायला गेली, तर अंगावर एप्रन नव्हता, म्हणून मुठीतच धरून ठेवली. उद्या कारखान्यात जाऊन नवी सही करावी लागणार होती. उद्या ती करेल आणि नवी मुलगी ती मुकाट्यानं फाडेल, आणि परवाही तसंच. आत्या मात्र इथेच असतील, लख्ख डोळ्यांनी, सगळ्यांच्या लेखी आंधळ्या.

आत्यांनी उजव्या बुटाच्या टाचेला डावा बूट चिकटवून दोन्ही एका रेषेत लावले आणि पुन्हा मटार पुढ्यात ओढले. थोड्या वेळानं म्हणाल्या, तो टेबलावर राहिलेला दुसरा जोडही घेऊन ये, सही करायच्या आधी. उद्या संध्याकाळी, ऊन जायच्या आत.